रतनच्या हळदीचा ई-मेल

ठाण्याच्या कोळीवाड्यात १९९९ साली सायबर कॅफे काढणारा पोपट पहिलाच. शेवटचाही तोच ठरेल, असं त्याची आई मनुबाई म्हणायची. तरी धाकट्या बहिणीच्या, रतनच्या, हळदीची आमंत्रणं त्याने अंगावर घेतली. अक्षता घेऊन दारोदार फिरायचं ते मागासलेल्यांनी. त्याने घरटी एकेक ई-मेल खातं उघडलं, पासवर्डही स्वतःच ठरवले. ते लोकांना सांगायचे तेवढे राहिले. मग त्याने आमंत्रण धाडलं आणि हात झटकले.

"सगल्यांना सांगलास ना रं?" मनुबाईने विचारलं.

"अगं आये, एका मिन्टात!"

हळदीच्या सकाळी रतन पाटावर बसली, समोर भाड्याच्या रिकाम्या खुर्च्या. धवला गाणारी दगडाबाईसुद्धा आली नव्हती, आणि तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. रतनचे डोळे भरून आले. पोपट पळत सुटला.

दगडाबाई ओट्यावर सुकट निवडत होती.

"मावशे, चल ना. सगळं खोळंबलंय."

"मना कोनी सांगलाच नाय."

"मेल केलेला मी."

"माज्या दारान कोन आला? कुत्रा तरी भुकला असता."

"चुकलं. आता सांगतो ना!"

"मी काय खुर्च्यांना गाऊन दाखवू? जा, अक्षता घे, घरोघर फिर. मंग येतंय."

वाड्याला जगाशी जोडायला निघालेल्या पोपटला तिसऱ्याच दारात रखमाबाईने विचारलं, "कोनाचा रं तू?"

त्याने बापाचं नाव सांगितलं.

"अरे देवा, दामाजीचा! बस, चाय घे."

मग प्रत्येक ओट्यावर बसणं आलं, चहा आला, टोमणा आला. म्हातारा दाजी तर भडकलाच. "माज्या नावाचा खाता काडलास, मना न इचारता?" यावर कॉम्प्युटर कोर्समध्ये काही शिकवलेलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा मांडव भरला. दगडाबाईने धवला धरला आणि मधेच पदरची ओळ घुसडली: नवरीचा भाऊ शहाणा, आवतान पेटीत कोंडतो. बायकांनी ती ओळ उचलून धरली. रतन हळदीने माखलेली, हसून हसून वाकली.

मेल पेटीत कोंडत नाहीत, तो सर्व्हरवरून जातो, हे समजावून सांगायची पोपटला फार उबळ आली. पण त्याच्या हातात मटणाच्या रश्शाची बादली होती, आणि पंगत ओरडत होती.