लाल दिवा आणि पिवळ्या चपला

थॉर्किलला बोलता येत नव्हतं असं कोण म्हणेल? खाडीवरचा उघडझाप पूल तो सांभाळायचा, आणि ताटकळलेल्या एखाद्या होडीवाल्याने भोंगा वाजवला की केबिनच्या खिडकीतून अशी सरबत्ती करायचा की खालची बदकं उडून जायची. पण चार माणसं गप्प बसून त्याच्याकडे बघायला लागली की संपलंच. स्वतःच्या लग्नाच्या जेवणात नवऱ्याने नवरीबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा तो उठला, व्हिबेकेकडे बघून "हां, तर..." म्हणाला आणि खाली बसला. सासऱ्यांना वाटलं, ही प्रस्तावना आहे. बिचारे बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले.

आता त्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती. व्हिबेके बटाटे सोलता सोलता म्हणाली, "या वेळी मला भाषण पाहिजे. पूर्ण."

"त्यापेक्षा फिल्म करतो की," थॉर्किल घाईघाईने म्हणाला. "आपलं इतक्या वर्षांचं शूटिंग पडलंय. त्यात सगळं येईल."

"आणि माझ्याबद्दल कोण बोलणार?"

"फिल्मच बोलेल."

"थॉर्किल, पंचवीस वर्षं तुझं मौन ऐकतेय मी. छान आहे, पण आता पाठ झालंय. लोकांसमोर एकदा तरी काहीतरी म्हण. नाहीतर दारातली कमान मी स्वतःच्या हाताने उपसून टाकीन, सांगून ठेवते."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की त्या दिवशी पहाटे शेजारी येऊन दारावर पानाफुलांची कमान बांधतात. ती उपसायची धमकी म्हणजे आमच्या गावात घटस्फोटाच्या जरा अलीकडची गोष्ट.

कॅमेरा त्यांना लग्नातच भेट मिळाला होता. नाताळ, वाढदिवस, भर उन्हाळ्यात गाव पेटवतं ती होळी, काही म्हणून थॉर्किलने सोडलं नव्हतं. टेपा मात्र कधी बघितल्या नाहीत. पुढे निवांत बघू म्हणून खोक्यात गेल्या त्या गेल्याच. आता वाचनालयातल्या यंत्रावर त्याने त्या सगळ्या उतरवून घेतल्या, नवशिक्यांसाठी असलेला फिल्म जोडायचा एक प्रोग्रॅम लॅपटॉपवर घातला आणि बायकोच्या नजरेआड, पुलाच्या केबिनमध्ये जाऊन बसला. 'लहान मुलांनाही जमेल,' असं प्रोग्रॅमच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. ते वाचून त्याचा उरलासुरला धीर खचला.

हाताला लागलेल्या पहिल्या टेपेत गवत होतं. गवताच्या कडेला थॉर्किलचा लाकडी बूट. दुसऱ्या टेपेत तोच बूट. तिसऱ्या टेपेत उलटं लटकलेलं नाताळचं झाड आणि बामसे कुत्र्याची शेपटी.

घोळ काय झालाय हे आता त्याच्या ध्यानात आलं. पुलावर लाल दिवा म्हणजे सगळं थांबलं. जन्मभराची सवय ती. त्यामुळे कॅमेऱ्यावर शूटिंग चालू झाल्याचा लाल दिवा लागला की हा समजायचा, बंद झाला, आणि कॅमेरा हातात लोंबता ठेवून फिरायचा. दिवा विझला की मात्र श्वास रोखून, एक डोळा मिटून, मोठ्या प्रेमाने व्हिबेकेचं शूटिंग करायचा. पंचवीस वर्षं!

त्याहून वाईट म्हणजे आवाज. कॅमेरा बंद आहे अशा समजुतीने हा माणूस बामसेशी मन मोकळं करत होता. तेवढं ऐकून थॉर्किलचे कान तापले. त्याने लॅपटॉपचा आवाजच बंद करून टाकला. ते पुन्हा ऐकायची त्याची छाती नव्हती.

पण फिल्म तर करायलाच हवी. मग त्याने व्हिबेकेचे पाय तरी दिसतात असे तुकडे वेचले. पिवळ्या चपला, पावसाळी बूट, चेरीच्या झाडावरून पडली त्या वर्षीचं प्लास्टर. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायच्या साठ तऱ्हा फुकट होत्या, म्हणून त्याने साठही वापरल्या. गुडघ्यातून बदाम फुटत होते, टाचा पानासारख्या उलटत होत्या. खाली एक होडी भोंगा वाजवून वाजवून दमली.

"थांब रे! बदाम बसवतोय!" तो खिडकीतून ओरडला.

शेवटी आवाजाच्या दोन पट्ट्या उरल्या. एकीत त्याची बडबड, दुसरीत त्याने घातलेलं अकॉर्डियन. पट्टीवर टिचकी मारली की ती लाल व्हायची. थॉर्किल आता शहाणा झाला होता. लाल म्हणजे चालू! त्याने अकॉर्डियन लाल केलं, बडबड तशीच ठेवली आणि समाधानाने पूल उघडला.

समारंभ गावच्या सभागृहात होता. पाहुण्यांनी स्वतः रचलेली गाणी म्हटली, शेजारच्या हेनिंगने ट्रम्पेट वाजवलं. पेल्यांवर चमचे वाजले की नवराबायकोने खुर्चीवर चढून मुका घ्यायचा आणि लोकांनी पाय आपटले की टेबलाखाली जाऊन, ही आमची रीत. चमचे दोनदा वाजले. मग थॉर्किलने लॅपटॉपचा आवाज चालू केला, दिवे मंद झाले आणि पडद्यावर पिवळ्या चपला आल्या.

अकॉर्डियन आलं नाही; इथे लाल म्हणजे बंद होतं. थॉर्किलचा आवाज आला.

"बामसे, त्या चपला बघितल्यास? चपला नव्हे रे, वरची बाई बघ. ही माझी कशी झाली मला अजून कळलेलं नाही. कुणाला सांगू नकोस, नाहीतर तिच्या लक्षात येईल."

सभागृह हसून लोटपोट झालं. थॉर्किल लॅपटॉपकडे धावला.

"हात लावलास तर बघ!" व्हिबेके ओरडली.

पावसाळी बूट आले. "गातेय बघ. बेसूर गातेय. पण थांबली की घर रिकामं वाटतं." मग प्लास्टर. "तिला काही झालं असतं तर आपण काय केलं असतं रे? तुला तर स्वयंपाकही येत नाही." मग कुणाच्या तरी अंगणातली फरशी. "हेनिंग पुन्हा तिच्याशी तासभर बोलला. त्याचं ट्रम्पेट खाडीत पडो." हेनिंगने ट्रम्पेट मांडीखाली सरकवलं.

सगळ्यात जुनी, लग्नाच्या दिवसाची टेप चुकून शेवटी लागली होती. काळे चकचकीत बूट, याच सभागृहाची मागची पायरी आणि पिल्लू असलेला बामसे.

"हां, तर... व्हिबेके, तू आलीस आणि... असं सुरू करायचं होतं रे. सगळं पाठ होतं. तिच्याकडे बघितलं आणि सगळं गेलं."

पडदा काळा झाला. व्हिबेके रडत होती आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. कुणीतरी पाय आपटला, मग दुसऱ्याने, मग सगळं सभागृह दणाणलं. दोघं टेबलाखाली शिरले.

"आता तोंडाने सांग," व्हिबेके म्हणाली.

"हां, तर..." थॉर्किल म्हणाला.

बामसे जाऊन बरीच वर्षं झाली होती. व्हिबेकेने इकडेतिकडे बघितलं, डोकं एका बाजूला कलतं केलं आणि हळूच भुंकली.

थॉर्किल बोलायला लागला. वर लोकांचे पाय दुखून आले, आइस्क्रीम विरघळलं, आचाऱ्याने दोनदा वाकून बघितलं.

"बास रे," शेवटी टेबलाखालून व्हिबेकेचा आवाज आला, "माझे गुडघे गेले!"

"थांब," थॉर्किल म्हणाला, "अजून पहिलंच वर्ष चाललंय."