निळं दार

रुकसानाने पांढरा पडदा खसकन गुंडाळून वर सरकवला.

"आता काय झालं?" म्हाळसाबाईंनी विचारलं. लेकीच्या स्थळासाठी फोटो हवा म्हणून त्या सकाळपासून मुरुम गावातल्या रुकसानाच्या छोट्या फोटो स्टुडिओत बसून होत्या.

"मावशी, मागं पांढरं असलं की चेहरा आणखी काळवंडतो. ही फिकट गुलाबी साडीही नको. शिवरंजनी, येताना घातला होतास तो हळदी ड्रेस घाल."

"त्यापरीस कम्प्युटरवर गोरी करा की. समदेच करत्यात."

"मागल्या बारीला केलीच हुती," शिवरंजनी म्हणाली. "पाव्हण्यांनी मला बघून इचारलं, फोटूतली पोरगी कुठं हाय? चहा तसाच ठिवून उठले."

रुकसानाच्या हातातून लेन्सचं झाकण निसटलं. उद्या कळंबहून साजिदच्या घरचे खुद्द रुकसानाला बघायला येणार होते. त्यांना पाठवलेल्या फोटोत तिने आपला सावळा चेहरा आपल्याच हाताने उजळला होता. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलीने.

स्टुडिओसमोरच्या बंद आडत दुकानाचं दार गडद निळं होतं. त्याच्या सावलीत तिने शिवरंजनीला उभं केलं. निळ्यापुढे हळदी रंग खुलून आला आणि गालांवरचा तांबूसपणा दिसू लागला. शेजारचा रंग बदलला, एवढंच.

म्हाळसाबाईंनी कॅमेऱ्यातला फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"काळीच हाय की," त्या म्हणाल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा केला. "पर लई रुबाबदार दिसती. बापावर गेलीया."

रुकसानाने फोन काढला, पाहिला, ठेवला, पुन्हा काढला.

"ताई, सारखं फोनमधी काय बघताय?"

"उद्या आमच्याकडंही पाहुणे यायचेत."

"मग तुमीबी दारापुढं उभं ऱ्हावा की. दार कुठं पळून चाललंय?"

शिवरंजनीने तिच्या हातातून कॅमेरा घेतला. रुकसानाने ओढणी दोनदा सारखी केली, दोनदा विस्कटली.

"हसू नका हवं तर. पर इकडं बघा."

फोटो फोनवर आल्यावर रुकसानाचं बोट सवयीने चेहरा उजळायच्या पट्टीवर गेलं. क्षणभर तिथंच थांबलं. मग तिने फोटो होता तसा साजिदच्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला.

मायलेकी गेल्या. पासपोर्टच्या फोटोसाठी एक जण दारात आला, तसा तिने पांढरा पडदा खाली ओढला. एका हाताने दिवा वळवत ती दुसऱ्या हातातल्या फोनकडे बघत राहिली.

फोटोखालच्या बरोबरच्या दोन्ही खुणा अजून करड्याच होत्या, निळ्या झाल्या नव्हत्या.