डागी माल

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे ‘घार’ म्हणत. तावदान उजेडासमोर धरलं की त्याची नजर थेट खोटीवर झडप घालायची. कुठं ओरखडा, कुठं लहर, कुठं अडकलेला बुडबुडा. मेणाच्या लाल खडूनं त्यानं फुली मारली, की काच गेलीच फोडायच्या ढिगात.

शाळेला सुट्टी, बायको कामावर, म्हणून सहा वर्षांच्या लेकीला तो बरोबर आणू लागला. तिला भिंगरी म्हणत ते उगाच नव्हे. पाय ठरत नव्हता, तोंड मिटत नव्हतं.

“बाबा, या बुडबुड्यात कुणाचा श्वास आहे? त्याला घरी नाही का जायचं?”

“तुझं आपलं काहीतरीच! खोट आहे ती. अशी हुडकायची, बघ.” आणि गप्प बसेल म्हणून त्यानं खडू तिच्या हातात दिला.

गप्प बसली खरी. दोन दिवसांत अशी तयार झाली, की बापाच्या आधी हिची फुली. “घारीच्या पोटी घार!” कामगार म्हणाले. त्याची छाती फुगली.

मग फुल्या घरी आल्या. टवका उडालेल्या कपावर, भिंतीच्या भेगेवर. खिडकीत चंद्र आला तर म्हणाली, “डागी माल.” तो पोट धरून हसला. पण सकाळी ती आरशापुढून वळली. पुढचा दात पडलेला, आणि गालावर ही एवढी लाल फुली.

“हे काय गं?”

“खोट आहे ना,” ती सहज म्हणाली.

त्यानं गाल पुसला. डाग फिकटला, गेला नाही. दिवसभर कामात त्याचं लक्ष लागेना. हातातून काचा पुढं सरकत होत्या, जीव मागं ओढत होता. काम सुटताना ढिगातला एक तुकडा उचलून, कडा घासून त्यानं घरी आणला. मधोमध टपोरा बुडबुडा.

“सांग बघू, यात कुणाचा श्वास?”

तिनं डोळा बारीक केला. “खोट. फुली मार.”

“अगं, तूच म्हणाली होतीस ना!”

“तेव्हा मला येत नव्हतं, बाबा.”

आपणच एखादी गोष्ट रचावी म्हणून त्यानं सुरुवात केली, “एक होता श्वास...” पुढं? खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. काच डोळ्याला लावली, काढली, लावली. नजर बुडबुड्याच्या कडेवरच ठेचकाळत होती.

आणि अचानक कडेच्या आत काहीतरी हललं. खिडकीखालची गल्ली होती ती! तांदळाच्या दाण्याएवढी गल्ली, आणि त्यातून पिशवी सावरत येणारी त्याची बायको.

“भिंगरे, धाव! आई बुडबुड्यातून घरी येतेय!”

“काहीतरीच तुझं,” लेक जागेवरूनच म्हणाली.

बायको दाराशी पोचली की संपलंच! त्यानं खिडकीतून हाक मारली, “थांब! तिथंच थांब! हलू नकोस!”

“अरे, झालं काय? हात तुटायला आलेत माझे!”

“मागं जा दोन पावलं!”

“वेड लागलंय का तुला?” ती ओरडली, पण गेली मागं.

तेवढ्यात त्याच्या कोपराखालून एक डोकं घुसलं. “सरक ना. कुठंय?”

त्यानं काच तिच्या डोळ्यापुढं धरली. ती बघत राहिली. आई शोधतेय की खोट, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.