चोळीसकट घेतलेले माप

मी एक जुना चिमटा आहे. चुलीजवळचा नव्हे, माणसाची चरबी मोजणारा. मित्रांनो, हसू नका. आज मी भयंकर संतापलेला आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला दोन जबडे, एक स्प्रिंग आणि काटा असलेली तबकडी आहे. दंडामागची कातडी चिमटीत धरायची, तिची घडी माझ्या जबड्यात द्यायची आणि काटा वाचायचा. मग तक्त्यावरून शरीरात शेकडा किती चरबी आहे, ते निघते. नागपूरचे एक डॉक्टर मला हातात घेऊन म्हणत, "हा खोटं बोलत नाही." मी फुगून जाई.

बहात्तरच्या दुष्काळात एका संस्थेचे पथक मला घेऊन वडनेर भोलजीला आले. ज्या बाळंतिणीची घडी दहा मिलिमीटरच्या खाली, तिला दूध पावडर मिळणार होती. मोजणारे होते दयाराम. पथकात बाई एकही नव्हती!

सोजराबाई तीन महिन्यांची लेक मांडीवर घेऊन पुढे बसली.

"बाही वर सार, बाई," दयाराम म्हणाले.

"इतक्या माणसाईसमोर? नाही सारत मी."

"राहू दे, वरूनच घेतो."

वरूनच! शाळा वीस पावलांवर होती. तिथल्या शिक्षिका शकुंतलाबाई हाक मारताच आल्या असत्या. पण पथकाची परतीची नांदुऱ्याची बस चुकली असती ना! त्यांनी चोळीसकट दंड चिमटीत धरला. त्या बाहीला ठिगळावर ठिगळ होते. मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, अरे, हे कापड आहे! काटा बारावर गेला.

"चरबी पुरेशी हाये. हिले दूध लागत नाही. पुढची कोण?"

दिवसभर असेच चालले. जिच्या चोळीला ठिगळे जास्त, ती कागदावर जास्त धष्टपुष्ट. नव्या चोळीच्या बाया मात्र यादीत गेल्या. मी खोटे बोललो नाही, पण माझ्या तोंडून खोटे वदवले गेले.

पंधरा दिवसांनी पथक पुन्हा आले. सोजराबाईची सासू मनकर्णाबाई गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात तीच चोळी होती.

"माही सून तापानं पडून हाये. अंगावरचं दूध आटलं. नात रडून राह्यली. घे, ही चोळी मोज."

दयारामांनी रिकामी बाही माझ्या जबड्यात धरली. काटा पाचावर थांबला. बारातून पाच गेले, बाईचे उरले सात.

"चोळीत बाई नाही, तरी चरबी हाये का रे?" म्हातारीने विचारले.

दयारामांची मान खाली गेली. "यादी वर गेली, आजी. आता पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात शकुंतलाबाईंना बोलावले. शाळेच्या खोलीत पडदा लावला. सोजराबाईचा उघडा दंड तेव्हा पहिल्यांदा माझ्या जबड्यात आला. काटा चारावर होता. तिचे नाव लगेच लिहिले गेले, दुधाचा डबाही मिळाला. तिने तो मांडीवर ठेवला. मांडीवर दुसरे कोणी नव्हते.

आता मी नांदुऱ्याच्या एका कपाटात कागदांना लावलेला असतो. माझे जबडे गंजले आहेत. मित्रांनो, मला पुसू नका, तेलही देऊ नका. पण उद्या कोणाचे माप घ्याल, तेव्हा आधी पडदा लावा, बाईमाणूस बोलवा आणि कापड बाजूला करा. तेवढ्यासाठी बस चुकली तर चुकू द्या.