औषधाचे चार वाटे

चौऱ्याहत्तर साली, पौष महिन्यात, परदेशातली मिशनची माणसं आमच्या वाडीवर आली. आली ती एका दिवसापुरती. कशेळ्याहून ओढ्यापर्यंत त्यांची जीप यायची, पुढे चढाची पायवाट. त्यांच्या पत्र्याच्या पेट्या वर न्यायला सहा गडी लागले, पाच खालच्या गावचे आणि सहावा मी. आम्ही ठाकर. आमच्या म्हाताऱ्या बायांची बोली खालच्या लोकांना अर्धीच कळते. मला दोन्हीकडचं येत होतं, म्हणून याकोब मास्तरांनी मला दिवसभर जवळ ठेवून घेतलं. मास्तर नगरकडचे, मिशनच्या शाळेत शिकवणारे. डॉक्टरीणबाई मास्तरांना इंग्रजीत सांगायच्या, मास्तर मला मराठीत, आणि मी बायांना आमच्या बोलीत.

ती सहा माणसं ऑस्ट्रेलियातली होती. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या. चढताना गुडघ्यावर हात ठेवून थांबायच्या, पण पेटीवर बसा म्हटलं तर बसायच्या नाहीत. काम सुरू करण्याआधी सहाही जण गोल करून उभे राहिले आणि डोळे मिटून प्रार्थना करू लागले. प्रार्थना लांबली. माझ्या बहिणीची सासू पारूबाई पुढेच बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "चांगो, उभ्या उभ्या झोपली का रं ही? लई दमली आसतील."

जमलेले सगळे हसले. बाईंनी डोळे उघडून मास्तरांना विचारलं, मास्तरांनी सांगितलं, तर त्याही हसल्या आणि पारूबाईच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

चाळीस चिठ्ठ्या होत्या. एकट्या बाईंना दुपारी तीनपर्यंत तेवढीच माणसं तपासता येणार होती. संध्याकाळी त्यांना नेरळला गाडी गाठायची होती, आणि परवा विमान. चिठ्ठ्या सकाळीच संपल्या. खालच्या गावांची माणसं उजाडायच्या आत येऊन बसली होती, आणि आमच्या वाडीच्या बाया मोळ्या घेऊन कशेळ्याच्या बाजाराला गेलेल्या. बाजार चुकला तर आठवडाभर मीठमिरची नाही, त्यामुळे माझी बहीण आणि म्हाताऱ्या सोडल्या तर कोणी थांबली नाही. माझ्याखेरीज गडी तर सगळे पनवेलकडे वीटभट्टीवर. मी तेवढा मास्तरांना म्हणालो, "मास्तर, एक चिठी माज्या भनीला ठेवा."

माझी बहीण जना. तिचा चंदर अकरा महिन्यांचा. त्या पंधरवड्यात वाडीतल्या लहान पोरांना डबा झाला होता. म्हणजे छाती घरघरते, श्वासाला पोट उडतं, पोर अंगावर पीत नाही. चंदरला चार दिवस झाले होते.

बाईंनी त्याचं झबलं वर केलं. पोटावर बिब्याचे काळे डाग होते. त्या डागांवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"मीच," पारूबाई म्हणाली. "माज्या समद्या पोरांना दिलं. तीन जगली."

"किती होती?"

"सात."

बाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग पेटीतून एक बाटली काढली. तळाशी पांढरी पूड होती. उकळून गार केलेलं पाणी ओतून बाटली हलवली, तशी ती गुलाबी झाली. दिवसातून तीनदा एकेक चमचा, सात दिवस. ताप उतरला तरी थांबायचं नाही. हे सगळं याच पोराचं. मी जनाला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मला वाटलं, झालं.

तीनला पेट्या बंद झाल्या. मी एक पेटी उचलून ओढ्यापर्यंत गेलो, जीपमध्ये ठेवली. त्यांच्यातल्या गिटार वाजवणाऱ्या पोरग्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. जीप कशेळ्याकडे गेली, तिथे त्यांचं जेवण व्हायचं होतं. मी परत वर चढलो.

जनाच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या. आवडी, जयवंता आणि चंद्रभागा, तिघी बाजारातून नुकत्याच आलेल्या, डोक्यावरची चुंबळसुद्धा काढलेली नाही. तिघींच्या मांडीवर पोरं, तिघांनाही तेच दुखणं. समोर चार भांडी मांडलेली. पारूबाई बाटलीतून एकेक चमचा प्रत्येक भांड्यात घालत होती. बाटली जवळजवळ रिकामी झाली होती.

"आगं, काय करतीस!" मी ओरडलो. "ते येकट्या चंदरचं हाय!"

"गप रं. हात हलंल माजा," ती म्हणाली आणि चमचा काठोकाठ भरून जयवंताच्या भांड्यात ओतला.

आमच्यात शिकार आली की घरागणिक वाटे होतात. कोणी रानात गेलं नसलं तरी त्या घराचा वाटा ठेवतात. विधवेचा ठेवतात, पोटुशीला दोन देतात, एक तिचा आणि एक पोटातल्याचा. सशाएवढी शिकार असली तरी. मीही त्याच वाट्यांवर वाढलो. त्या दिवशी सांगताना मला हे आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

"सात दिवस द्याया पायजे, तवा गुण येतो," मी म्हणालो. "असं वाटून कुणालाच पुरनार नाय."

"मंग या तिघींना काय सांगू?" पारूबाईनं बाटली खाली ठेवली. "चांगोची भन म्हून जनाला चिठी भेटली, तुमी आपली पोरं घेऊन घरी जा?"

मी जनाकडे पाहिलं. ती खाली मान घालून चंदरचं पोट चोळत होती. आवडी उठायला लागली, तसा जनानंच तिचा पदर धरला. "बस गं. तुजं तुला घेऊन जा."

मी तसाच फिरलो आणि डोंगराच्या दांडावरच्या आडवाटेनं कशेळ्याकडे पळालो.

जीप उभी होती. सामान चढवून झालं होतं, सगळे हात धुवून निघायच्या बेतात. धाप लागल्यानं मला आधी बोलताच येईना. मास्तरांनी पाणी दिलं. मग मी सांगितलं, त्यांनी बाईंना सांगितलं. बाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "आणखी तीन? त्यांना माझ्याकडे का नाही आणलं?"

"चिठ्या संपल्या व्हत्या."

मास्तरांनी ते सांगितलं तेव्हा बाईंनी चष्मा काढला. त्या जीपमागे गेल्या, पेटी उघडून चाचपली. पोरांचं औषध संपलं होतं. त्यांनी वर वाडीच्या दिशेनं पाहिलं आणि बाकीच्यांशी भराभर काही बोलल्या. त्यांचा पुढारी घड्याळ दाखवत होता. बाई त्याच्याशी भांडल्या, एवढं मला भाषा न कळताही कळलं. शेवटी मास्तर म्हणाले, "चांगो, वर येऊन उपयोग नाही. औषधच नाही. कर्जतला हे मिळत नाही. मी मुंबईहून धाडतो, पण चार-पाच दिवस जातील. पोरांना उद्या दवाखान्यात नेता येईल का?"

"घरचे गडी नाय मास्तर वाडीत. त्यांच्याबिगर बाया जायाच्या नाय. मागं येक पोर नेलं, ते वाटंतच गेलं."

बाई ऐकत होत्या. मग सावकाश बोलल्या, आणि मास्तरांनीही तेवढंच सावकाश सांगितलं. "चौघांकडलं औषध परत एका बाटलीत घे. जे पोर सगळ्यात जास्त आजारी असेल त्याला दे. एक तरी वाचेल. वाटून दिलंस तर कदाचित एकही नाही."

"कुटलं पोर?"

मास्तरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "मी त्या तिघांना पाहिलेलं नाही."

"मंग मी कसं ठरवू, बाय?"

हे मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं की नाही, मला माहीत नाही. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. त्या प्रार्थना करू लागल्या. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मी वाडीवर आलो तेव्हा चुली पेटल्या होत्या. आधी आवडीकडे गेलो. तिनं भांड्यावर फडकं बांधून ते आढ्याला टांगलं होतं, मुंग्या लागू नयेत म्हणून. "बघ चांगोदादा, घाम आला," ती म्हणाली. "उतरतोय." पोराच्या कपाळाला हात लावून बघ म्हणाली. लावला. ओलं होतं. वर टांगलेल्या भांड्याकडे माझा हात गेला नाही.

जयवंतानं सगळं एकदम पाजलं होतं. "थोडं थोडं कशाला? येकदाच काय ते," ती म्हणाली, आणि रिकामं भांडं चाटत बसलेल्या थोरल्या पोरीला चापट दिली.

चंद्रभागेचं पोर सगळ्यात वाईट होतं. ओठ काळे पडलेले. ती त्याला घेऊन दारातच बसली होती. तिनं विचारलं, "डागदरीण काय बोलली?" मी म्हणालो, "सांगतो," आणि पुढे गेलो.

जनाच्या घरी चंदर पारूबाईच्या मांडीवर होता. त्याचं पोट अजून तसंच उडत होतं. जना बाहेर आली. तिच्या हातात चंदरच्या वाट्याचं भांडं होतं. ते मागावं, की चंद्रभागेला द्यायला सांगावं, की बाकी दोघींचंही आणून यात ओतावं, हे मला वाटभर सुचलं नव्हतं आणि तिच्यासमोर उभा राहूनही सुचेना.

"काय बोलली रं दादा? चुकलं का आमचं?"

"नाय," मी म्हणालो. "बोलली, बरं केलंत."

जनानं सुस्कारा सोडला आणि आत जाऊन चंदरला दुसरा चमचा पाजला.

चौथ्या दिवशी चंद्रभागेचं पोर गेलं. पाचव्या दिवशी पहाटे चंदर. आवडीचं आणि जयवंताचं वाचलं, का ते कोणाला सांगता येणार नाही. सहाव्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं कशेळ्यात माझ्याकडे एक पुडकं दिलं. मास्तरांनी धाडलेल्या दोन बाटल्या होत्या, कापसात गुंडाळलेल्या.

त्याच्या आदल्या दिवशी चंदरला पुरून आलो तेव्हा चंद्रभागा जनाच्या ओट्यावर येऊन रडत होती. म्हणत होती, माज्या पोरानं तुज्या पोराचं खाल्लं. जनानं तिला जवळ घेतलं.

"तसं बोलू नको गं. आपलं काय चुकलं नाय. डागदरीणच बोलली दादाला, बरं केलंत म्हून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग की रं हिला."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान डोलावली.