साहेबांचं झाड

महेंद्रने कापसाचा बोळा दुधात बुडवला आणि रबराच्या झाडाचं पान पुसायला घेतलं. एक हात पानाखाली, दुसरा वरून. स्वतःच्या दोन पोरांची नाकं या माणसाने कधी पुसली नव्हती, आणि इथे मात्र हात कसा अलगद चालत होता. माया चहाचं आधण ठेवून दारात उभी राहिली.

"दूध चहाला आणलंय की झाडाला?"

"दोन चमचे घेतलंय. पानं चमकतात त्याने. साहेबांच्या केबिनमध्ये अशीच चमकायची."

"मुंग्या पण येतात."

महेंद्रने पुढचं पान हातात घेतलं.

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या दीड खोलीत झाड येऊन दोन महिने झाले होते. कारखान्याचे मोठे साहेब परदेशी गेले, जाताना झाड महेंद्रच्या हवाली केलं आणि म्हणाले, आल्यावर तुझं परमनंटचं बघतो. निदान महेंद्रने घरी तसं सांगितलं. अकरा वर्षं तो कंत्राटावर होता. त्याच्या मागून लागलेले कायम झाले, एकाने बदलापूरला फ्लॅट घेतला, आणि याला दर सहा महिन्यांनी ब्रेक देऊन घरी बसवायचे. आता नशीब उघडणार, तेही एका कुंडीच्या जोरावर! मायाला हसावं की रडावं कळत नव्हतं. पण त्या 'परमनंट'साठी तिने झाड घरात घेतलं.

घेतलं ते घेतलं, त्याचे लाड कमी नव्हते. खिडकीतली जागा झाडाला, आणि मायाचं शिलाई मशीन मोरीपाशी अंधारात. नळाला एक दिवसाआड पाणी. पोरांच्या आंघोळी अर्ध्या बादलीत उरकायच्या, पण नळातल्या औषधाचा वास उडून जावा म्हणून झाडाचा तांब्या दिवसभर वेगळा उघडा ठेवलेला. संध्याकाळी कारखान्यांचा गॅस सुटला की महेंद्र धावत जाऊन खिडकी लावायचा. माणसं अकरा वर्षं तोच गॅस खात होती, तेव्हा कुणी खिडकी लावली नव्हती. साहेबांचं येणं मात्र दोनदा पुढे गेलं होतं. मायाचा राग झाडावर नव्हता. नवऱ्याच्या त्या वाकलेल्या मानेची तिला किळस यायची. साहेबाने चप्पल ठेवायला दिली असती, तर ती पण याने दुधाने पुसली असती.

रविवारी महेंद्र ओव्हरटाइमला गेला आणि दुपारी चंदू आला. साहेबांच्या गाडीवरचा ड्रायव्हर, राहायला उल्हासनगर कॅम्प पाचला. लेकीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता.

"जयभीम वहिनी," म्हणत तो आत आला आणि झाडाकडे बघून थबकला. "अरे, जगलं की हे!"

"जगवलंय. साहेब कधी येतायत?"

"कुठले साहेब?"

"ह्या झाडाचे. परदेशातले."

चंदू हसला. "कसला परदेश, वहिनी! साहेबांनी कंपनी सोडली, वापीला गेले. केबिन खाली करताना मला म्हणाले, हे गेटबाहेर फेकून दे. महेंद्र तिथेच उभा होता, परमनंटचा अर्ज घेऊन. साहेबांनी अर्ज हातात पण घेतला नाय. मग तोच मला म्हणाला, झाड मी नेतो."

मायाने त्याला चहा दिला. त्याने आणखी एक मागितला, तोही दिला.

चंदू गेला तशी तिने कुंडीची कड धरली आणि फरफटत दारापर्यंत आणली. जिन्यावरून ढकलून द्यायची, तुकडे तुकडे होऊ देत. दोन महिने, दोन महिने या माणसाने आपल्याला वेडं बनवलं! उंबऱ्याशी तिचे हात थांबले. त्या दिवशी महेंद्र कुंडी खांद्यावर घेऊन घामाने निथळत आला होता. न घेतलेला अर्ज तसाच खिशात घालून, रिकाम्या हाताने घरी येऊन तिला काय सांगणार होता तो?  तिने कुंडी ओढत परत खिडकीपाशी नेली.

संध्याकाळी महेंद्र आला. टीव्हीवर ठेवलेली पत्रिका त्याला आल्या आल्या दिसली.

"चंदू आला होता?" त्याने चप्पल न काढताच विचारलं.

"हं."

"काय बोलला?"

"काय बोलणार? लेकीचं लग्न, घाईत होता. चहासुद्धा घेतला नाही."

महेंद्रने श्वास सोडला. "साहेब आता पुढच्या सोमवारी..."

"त्या साहेबांना सांगा, झाड परत मिळायचं नाही," माया म्हणाली. "आमच्या घरात रुळलंय. आणि परमनंटचं पण परत विचारू नका. कुणापुढे इतकं वाकायची गरज नाही आपल्याला."

महेंद्रने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने नजर खाली वळवली.

"रागावतील ते," तो हळूच म्हणाला.

"रागावू देत की. माझं नाव सांगा."