रविवारचे पंप

आमच्या कुराबिलात जोवर लोक तुमची टिंगल करतात, तोवर काळजी नसते. माझा नवरा ऑल्विन सव्वासहा फूट उंच, म्हणून सगळं गाव त्याला बुटक्या म्हणतं. तो आमदार झाला, पुढे पाणीखात्याचा मंत्री झाला, तरी बुटक्याच राहिला. त्या रविवारी दुपारी पक्षाच्या सभेला गेलो, तर दारातच गावचा खाटीक ऑल्विनला म्हणाला, "या, मिस्टर ट्रेलोर. बसा." बुटक्या नव्हे, आडनावाने हाक.

महिनाभर गावात पाण्याचाच वाद चालला होता. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, नदीत डबकी उरली होती, आणि खालच्या अंगाच्या गावांना टँकरचं पाणी. शहरवाले म्हणत, कापसाच्या शेतांना नदीचं पाणी ओढणारे सगळे पंप बंद करा. आमचे म्हणत, थेंब सोडणार नाही. ऑल्विनने हुकूम काढला, फक्त रविवारी पंप बंद. कुंपणाच्या आत सरकारने पाय ठेवू नये, हे भाषण जन्मभर त्यानेच केलेलं. तेच आता त्याच्या उरावर बसलं.

सभेला घरून काहीतरी करून न्यायची रीत आहे. मी खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेट केक नेला होता. त्याला कोणी हात लावला नाही. शाखेचा अध्यक्ष मिक माझा सख्खा थोरला भाऊ. त्याने मला अदबीने खुर्ची दिली. लहानपणी हाच माझ्या खालची खुर्ची ओढायचा.

"मिस्टर ट्रेलोर," मिक म्हणाला, "हुकूम मागे घ्या. निवडणुकीचं तिकीट तुमचंच आहे."

"मिक, आपण जुनं राखणारी माणसं ना रे?" ऑल्विन उभा राहिला. "आजोबांच्या वेळी रविवारी नांगरसुद्धा चालत नव्हता. चर्च राखलं, राणीचा फोटो राखला. मग नदीच तेवढी विकून खायची? नाही घेणार मागे."

कोणीतरी ओरडावं, शिवी द्यावी, म्हणून मी देवाचा धावा करत होते.

"आभारी आहोत," मिक म्हणाला. "नवा उमेदवार हवा त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. जिच्या पेटलेल्या गोठ्यातून ऑल्विनने गाई ओढून काढल्या होत्या, तिचाही. शेवटी मिकचा. त्याने माझ्यापासून नजरही चुकवली नाही.

दोघेतिघे लगेच नदीच्या वाटेने बाहेर पडले. मिकने मात्र येऊन ऑल्विनच्या पाठीत धपाटा घातला.

"काय रे बुटक्या, तोंड का पाडलंस? चल, केक खा! नोरीन, काय गं भवाने, खोबरं केवढं थापलंस?"

"बुटक्या, आता तरी मासे धरायला येशील ना?" खाटीक ओरडला. सगळा हॉल हसला.

ऑल्विनही हसला. त्याचे डोळे भरून आले होते. तिकीट गेलं तेव्हा ताठ उभा राहिलेला माणूस त्या एका हाकेने विरघळला.

तेवढ्यात नदीकडून घरघर ऐकू आली. एक पंप सुरू झाला, मग दुसरा, मग किती ते कळेना. सगळ्यांनी ऐकलं. कोणी तिकडे मान वळवली नाही.

"ऑल्विन," मी त्याचा हात धरला, "पंप चालू झालेत. मंत्री अजून तूच आहेस."

"असू दे गं," तो म्हणाला. "आज नको." आणि त्याने केकचा दुसरा तुकडा उचलला.